बहात्तरचा पाझर तलाव दुरुस्त करताना: अर्जापासून पाण्यापर्यंत

आमच्या गावच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या बेचक्यात एक पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी बांधलेला तलाव, आहे. गावात त्याला कोणी पाझर तलाव म्हणत नाही, ‘बहात्तरचा तलाव’ म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात गावातल्या आणि शेजारच्या चार वाड्यांमधल्या माणसांनी तो बांधला आणि माझ्या सासूबाई त्या कामावर होत्या. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेले, वय सोळा. ऑगस्ट २०२३ ते ऑगस्ट २०२४ हे एक वर्ष मी या तलावातला गाळ काढून बांध दुरुस्त करण्याचे काम रोजगार हमी योजनेतून मंजूर करून घेण्यात आणि ते पूर्ण करण्यात घालवले. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात असे तलाव गावोगाव आहेत आणि त्यांतले कितीतरी गाळाने भरून पडले आहेत. आमच्यासारखाच विचार कोणी करत असेल, तर पहिला कागद कुठे द्यायचा येथपासून अडू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. आम्ही सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, म्हणजे सह्याद्रीवर पाऊस कोसळत असताना आभाळाकडे पाहत बसणारे. पण तो महिना आमच्याही आठवणीतला सर्वांत वाईट होता. देशभरातच शंभराहून अधिक वर्षांतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पेरलेली बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली, विहिरीत अर्धा परस, म्हणजे अर्ध्या पुरुषाएवढे, पाणी उरले. एका संध्याकाळी सासूबाईंना घेऊन मी तलावावर गेले. मध्ये बाभळी उगवल्या होत्या आणि काठाशी उभे राहून खाली पाहावे एवढी खोलीच उरली नव्हती. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेची, एक बाजू खचली होती आणि बांधाच्या पाण्याकडच्या बाजूचे दगड निसटून खाली आले होते. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ह्यो दगुड आमी डोक्यावर आणल्याला. आठ दिसांनी पगार व्हायचा, मिलो आन सुकडी मिळायची. तवा वाटायचं, आपलं पोट भरंल म्हून सरकारनं काम काढलंय. पाणी ऱ्हाईल असं कुनाला ठावं हुतं?”

पाणी राहिले. पुढची तीस-पस्तीस वर्षे या तलावाखालच्या बावीस विहिरी उन्हाळ्यात पूर्ण आटत नसत, हे मी स्वतः नांदायला आल्यापासून पाहिले आहे. दुष्काळी कामांबद्दल ‘माणसांना गुंतवून ठेवायला काढलेली कामे’ असे बोलले जाते, ते मला पटत नाही. माण आणि आटपाडीच्या सीमेवरचा राजेवाडीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात मजुरांना काम देण्यासाठी हाती घेतला गेला आणि आजही त्याच्या पाण्यावर शेती होते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांनी फोडलेली खडी रस्त्यांत गेली, पण जिथे तलाव आणि बांधबंदिस्ती झाली, तिथे ते श्रम अजून जमिनीत मुरत आहेत.

पहिला प्रश्न होता, हा तलाव कोणाचा? ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्याची नोंद सापडली नाही. ग्रामसेवक म्हणाले, जिल्हा परिषदेचा असेल. तालुक्याच्या कार्यालयात सांगितले, मृद व जलसंधारणाकडे चौकशी करा. तिथे सांगितले, शंभर हेक्टरपेक्षा कमी सिंचन क्षमतेचा असल्यास आमच्याकडे नाही. या फेऱ्यांत दोन आठवडे गेले. तोंडी चौकशीत तिसरा आठवडा घालवण्यापेक्षा मी २८ ऑगस्ट रोजी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून चारच गोष्टी मागितल्या: तलावाची नोंद कोणत्या विभागाकडे आहे, मंजुरीचा व पूर्णत्वाचा कागद, बुडीत क्षेत्राचे गट क्रमांक आणि त्या गटांच्या भूसंपादनाची स्थिती. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले, तर ते मोघम ठरवून परत येते. मोजके आणि नेमके मागावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही. ४ ऑक्टोबरला वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील दाखल केले आणि सुनावणी होण्याआधीच, २० ऑक्टोबरला, चौतीस पाने मिळाली. पानाला दोन रुपये याप्रमाणे अडुसष्ट रुपये भरले.

त्या पानांत काय होते, ते थोडे विस्ताराने सांगते, कारण पुढची सगळी अडचण तिथूनच उभी राहिली. तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाच्या यादीत होता. काम १९७२ च्या अखेरीस सुरू होऊन १९७४ मध्ये पूर्ण झाल्याची नोंद होती. बांधाची लांबी दोनशे दहा मीटर. बुडीत क्षेत्रात अकरा गट होते आणि त्यांतल्या चार गटांपुढे भूसंपादनाचा निवाडा झाल्याची कोणतीही नोंद नव्हती. मी अकराही गटांचे डिजिटल सातबारे प्रत्येकी पंधरा रुपये भरून काढले. सात उताऱ्यांवर तलावाची नोंद होती, चार उतारे मात्र अजून शेतकऱ्यांच्या नावावर, पूर्ण क्षेत्रासह, जणू तिथे ज्वारीच पिकत असावी असे. कमी-जास्त पत्रक, म्हणजे संपादित जमीन सातबाऱ्यावरून कमी करणारा कागद, झालेलेच नव्हते. दुष्काळात काम तातडीने सुरू करायचे म्हणून जमिनी तोंडी संमतीने घेतल्या गेल्या आणि कागद मागाहून करायचे ते राहून गेले. जुन्या पाझर तलावांच्या बाबतीत ही गोष्ट इतकी सर्रास आहे, की कोणीही काम हाती घेण्यापूर्वी सर्वांत आधी सातबारे काढावेत, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही ते आधी केले असते, तर दोन महिने वाचले असते.

दरम्यान ग्रामसभा झाली होती. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, तशी आमच्याकडेही होत होती. या वेळी बचत गटाच्या आम्ही साठ-पासष्ट बायका १ ऑक्टोबरला शाळेच्या व्हरांड्यात खरोखर बसलो आणि तलावाचा गाळ रोजगार हमीतून काढावा, असा ठराव लिहून घेतला. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गणपूर्ती झाली नाही. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सभा तहकूब झाली, तेव्हा मी निराश होऊन घरी आले. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे आमच्या ग्रामरोजगार सेवकाने, म्हणजे गावातले रोजगार हमीचे काम पाहणाऱ्याने, सांगितले आणि ९ ऑक्टोबरच्या सभेत ठराव मंजूर झाला. ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात, सही-शिक्क्यासह घ्यावी. इतिवृत्त नंतर लिहू म्हणून राहिले, की शब्द बदलतात. आमच्या पहिल्या नकलेत ‘गाळ काढणे’ होते आणि ‘बांध दुरुस्ती’ राहून गेली होती. ती दुरुस्त करून घेतली.

ठरावाच्या वेळी गावात एक वाद झाला, तो मला अजून महत्त्वाचा वाटतो. काही जणांचे म्हणणे होते, की ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेतून पोकलेन आणावे, आठवड्यात तलाव मोकळा होईल. म्हणणे चुकीचे नव्हते. यंत्राने काम लवकर होते आणि जिथे मजूर मिळत नाहीत तिथे तोच मार्ग योग्य आहे. पण त्या वर्षी आमच्याकडे खरीप गेले होते, रब्बीची पेरणी झाली नव्हती आणि बायकांच्या हाताला काम नव्हते. पुरुष तरी मुंबईला माथाडीत किंवा कारखान्याच्या हंगामावर जाऊ शकत होते. पोकलेनने गाळ निघाला असता, मजुरी निघाली नसती. शेजारच्या खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने रोजगार हमीवरच्या मजुरांच्या वतीने हेच मांडले होते, की आम्हाला नुसती खडी फोडायला लावू नका, दुष्काळ हटवील असे काम द्या. मजुरी आणि पाणी दोन्ही एकाच कामातून मिळत असताना त्यांपैकी एक सोडून देण्याचे मला कारण दिसत नव्हते. सभेत मी एवढेच बोलले आणि बायकांनी हात वर केले.

३१ ऑक्टोबरला शासनाने राज्यातील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सातारा जिल्ह्यातून वाई आणि खंडाळा, सांगलीतून शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज. माण, खटाव यांची नावे त्यात नव्हती. पूर्वेकडच्या गावांत त्या दिवशी काय वाटले असेल, ते लिहिण्याची गरज नाही. १० नोव्हेंबरला आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली, त्यात आमचे मंडळ आले. सवलतींच्या यादीत जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी यांच्याबरोबर रोजगार हमीच्या निकषांत काही प्रमाणात शिथिलता असेही एक कलम होते. त्या परिपत्रकाची प्रत मी पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडत गेले आणि तिचा उपयोग झाला.

नोव्हेंबर आणि डिसेंबर हे दोन महिने चार गटांच्या मालकांची संमती मिळवण्यात गेले. तीन घरांनी अडचण केली नाही. चौथ्या घरातले थोरले, ज्यांना मी अण्णा म्हणते, त्यांनी पहिल्यांदा मला दारातूनच परत पाठवले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा सासूबाईंना बरोबर नेले. त्या ओसरीवर बसल्या, चहा झाला, आणि मग अण्णा म्हणाले, “वैनी, माझ्या बापानं जमीन दिली ती उपाशी माणसांकडं बघून दिली. पन्नास वर्सं झाली, कागदाला माझं नाव हाय, पट्टी मी भरतोय आन पाणी गाव पितंय. आता पुन्हा सही मागताय?” त्यांच्या बोलण्यात खोट काढता येण्यासारखे काही नव्हते. त्या तलावासाठी ज्यांनी घाम गाळला त्यांना त्या आठवड्याची मजुरी तरी मिळाली होती. ज्याची तीन एकर बुडाली त्याला काहीच मिळाले नव्हते.

मार्ग निघाला तो असा. संमतिपत्रात एक वाक्य स्पष्टपणे घातले, की गाळ काढण्यास व बांध दुरुस्त करण्यास दिलेली ही संमती म्हणजे भूसंपादनाच्या मोबदल्यावरील हक्क सोडणे नव्हे. ग्रामपंचायतीने मोबदला आणि कमी-जास्त पत्रक यांसाठी स्वतंत्र ठराव करून वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला. आणि निघालेला गाळ सर्वांत आधी अण्णांच्या वरच्या माळरानावर टाकायचा, असे ठरले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर संमतिपत्र, नोटरीचे दीडशे, असा अडीचशे रुपये खर्च आला. २९ डिसेंबरला अण्णांनी सही केली. त्यांच्या मोबदल्याचे प्रकरण अजून सुटलेले नाही आणि मी त्याचा पाठपुरावा करते आहे. गाळ निघाला म्हणून ती जबाबदारी संपत नाही.

संमती हाती आल्यावर जिल्हा परिषदेच्या विभागाचे ना हरकत पत्र तीन आठवड्यांत मिळाले. त्यासाठी साताऱ्याला दोन फेऱ्या झाल्या. बायकांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने त्या परवडल्या. मग तांत्रिक सहायकांनी तलावावर येऊन मोजमाप घेतले आणि अंदाजपत्रक तयार झाले. त्यात २,४८० घनमीटर गाळ, बांधाच्या खचलेल्या भागात माती भरणे आणि दगडी पिचिंग, म्हणजे बांधाच्या पाण्याकडच्या बाजूचे दगड, पुन्हा बसवणे एवढे धरले होते. सांडव्याचे बांधकाम मात्र वगळले गेले. कारण विचारले, तेव्हा कळले, की रोजगार हमीत मजुरीचा वाटा किमान साठ टक्के आणि साहित्याचा जास्तीत जास्त चाळीस टक्के ठेवावा लागतो आणि आमच्या ग्रामपंचायतीचा साहित्याचा वाटा त्या वर्षी आधीच्या रस्त्यांनी आणि गोठ्यांनी भरून गेला होता. गावातील इतर कामांचा परिणाम आपल्या कामावर असा होतो, हे आधी माहीत असावे. अंदाजपत्रक वाचताना आकडे पाहण्याआधी मातीचा प्रकार पाहावा, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि ते पुढे भोवले.

तांत्रिक मान्यता १२ फेब्रुवारीला मिळाली. प्रशासकीय मान्यतेसाठी फाइल पुढे गेली आणि मला धास्ती वाटू लागली, कारण लोकसभा निवडणूक तोंडावर होती आणि आचारसंहिता लागल्यावर नवे काम सुरू होत नाही. एका टेबलावर फाइल आठ दिवस पडून होती. मी तिथे जाऊन भांडले नाही. मजुरांच्या मागणी अर्जांच्या पोचपावत्या पुढे ठेवल्या.

या पोचपावत्यांचे महत्त्व समजून घ्यावे. रोजगार हमीत काम ‘मंजूर’ होण्याइतकेच ते ‘मागणे’ महत्त्वाचे असते. ज्याच्याकडे जॉबकार्ड आहे त्याने नमुना ४ मध्ये काम मागावे, किमान सलग चौदा दिवसांसाठी मागावे आणि तारीख घातलेली पोचपावती घ्यावी. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम देणे बंधनकारक असते. न दिल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव पट आणि पुढे निम्मा बेकारी भत्ता द्यावा लागतो. तोंडी मागणीला यातले काहीही लागू होत नाही. आमच्याकडे बचत गटांतून फिरून सव्वीस जुनी जॉबकार्डे शोधली, एकोणीस नवी काढली (नोंदणीला शुल्क नाही, कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत) आणि १५ फेब्रुवारीला एकत्र बेचाळीस जणांची मागणी दिली. ग्रामरोजगार सेवक म्हणाले, “ताई, पोच एकदमच एका कागदावर देतो.” मी प्रत्येकाची वेगळी घेतली. त्याला अर्धा दिवस लागला. २६ फेब्रुवारीला प्रशासकीय मान्यता झाली, ४ मार्चला पहिले मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, निघाले आणि १६ मार्चला आचारसंहिता लागली. चालू झालेले काम आचारसंहितेत थांबत नाही, त्यामुळे आमचे बारा दिवसांनी निभावले.

हा मागण्याचा हक्क आपल्याच भागातून आलेला आहे, याचा मला त्या दिवसांत फार आधार वाटला. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ग्रामीण माणसाला हमखास काम देण्याचा पहिला प्रयोग केला. बहात्तरच्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर नेली गेली, त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमी कायदा अमलात आला. देशाचा कायदा २००५ मध्ये झाला, तो याच पायावर. सासूबाईंना काम दुष्काळ पडला म्हणून मिळाले होते. आम्हाला ते मागितले म्हणून मिळाले. मधल्या काळात कोणीतरी बसून कायदा लिहिला होता.

४ मार्चच्या सकाळी छत्तीस जण कामावर आले, त्यांत सत्तावीस बायका. मी मेट, म्हणजे कामावर देखरेख करणारी, म्हणून हजेरी घेत होते. हजेरी मोबाइलच्या अॅपवर, दिवसातून दोन वेळा, मजुरांच्या फोटोसह घ्यावी लागते आणि आमच्या तलावात रेंज येत नाही. फोटो तिथेच काढून ठेवायचा आणि बांधावर चढून, उत्तरेकडच्या टोकाला उभे राहून पाठवायचा, ही युक्ती दुसऱ्या दिवशी सापडली. पहिल्या दिवशी दुपारचा फोटो गेलाच नाही आणि छत्तीस जणांचा तो दिवस बुडतो की काय, या भीतीने मला रात्री झोप लागली नाही. ग्रामरोजगार सेवकाने दुसऱ्या दिवशी लेखी कळवून तो दिवस धरून घेतला. फोनला चार्जिंगचा डबा, म्हणजे पॉवर बँक, बरोबर ठेवावी. हजेरीची एक वही हातानेही लिहावी आणि रोज मजुरांची सही किंवा अंगठा घ्यावा.

पहिल्या आठवड्याचे मोजमाप झाले आणि मजुरीचा दर रोजाला २१४ रुपये पडला. त्या वर्षीचा दर २७३ होता. सगळे सकाळी सातपासून राबले होते. कोणी चुकारपणा केला नव्हता. तांत्रिक सहायकांना विचारले, तेव्हा अंदाजपत्रकात सगळा गाळ मऊ माती म्हणून धरल्याचे लक्षात आले. वरचा दीड फूट थर मात्र उन्हाने तापून दगडासारखा झाला होता आणि त्याखाली मुरूम लागत होता. मजुरी केलेल्या कामाच्या घनमीटरवर ठरते, आणि कठीण मातीला घनमीटरचा दर जास्त असतो. आम्ही लेखी अर्ज दिला, त्यांनी येऊन खड्डे पाहिले आणि प्रकार बदलून दिला. खोदताना मूळ जमिनीची उंची दाखवणारे मातीचे उंचवटे मध्ये मध्ये राखले होते, म्हणून त्यांना थर दिसला. आम्ही सगळे सपाट केले असते, तर पुरावा उरला नसता. दुसऱ्या आठवड्यात २५१ पडले. १ एप्रिलपासून दर २९७ झाला आणि एप्रिलच्या मध्यापासून, काम पहाटे सहाला सुरू करून अकराला थांबवायचे असे ठरवल्यावर, पूर्ण दर पडू लागला.

पाच किंवा अधिक लहान मुले कामावर येत असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमता येते. आमच्याकडे सात मुले होती. ज्या आजींना आता टोपले उचलत नव्हते, त्यांना ते काम दिले. सावलीसाठी हिरवे कापड, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी हेही मजुरांचे हक्क आहेत. मागितल्याशिवाय येत नाहीत, मागितल्यावर आले.

पैशांचा भाग सर्वांत त्रासाचा होता. मस्टर संपल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळावी, असा नियम आहे. आमची पहिली मजुरी २७ एप्रिलला आली. मधल्या सात आठवड्यांत नऊ जण काम सोडून गेले, आणि त्यांना थांबा म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. उशिराबद्दल रोज ०.०५ टक्के भरपाई देय असते. दीड हजार रुपयांवर ती रोजची पंचाहत्तर पैसे होते. शिवाय त्या वर्षाच्या जानेवारीपासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होत होती आणि सात बायकांची मजुरी आली नाही ती नाहीच. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे आणि ते खाते आधारवरून पैसे येण्यासाठी जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दुसऱ्या जोडणीला बँकेत एनपीसीआय मॅपिंग म्हणतात, म्हणून तिथे जाऊन ‘एनपीसीआय मॅपिंग झाले आहे का’ असेच विचारावे. दोघींचे अंगठे यंत्रावर उमटत नव्हते. आयुष्यभर दगड-माती उचलून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. त्यांच्यासाठी मी तीन वेळा बँकेत गेले, शेवटी डोळ्यांच्या बुबुळावरून काम झाले. कामाची मागणी करण्याच्या आधीच प्रत्येकाचे खाते तपासून घ्यावे. हे मी केले नाही, आणि त्या सात जणींना दोन महिने उसनवारीवर काढावे लागले.

मे महिन्यात कामाला वेग आला. गाळ वाहायला अण्णांचा ट्रॅक्टर पहिला आला. त्यांच्या माळरानावर गाळाचा वीतभर थर पसरला, मग इतरांनी आपापले ट्रॅक्टर आणले. डिझेल ज्याचे त्याने घातले. खचलेल्या बांधावर थराथराने माती भरून धुमसाने ठोकली. पिचिंगचे दगड तलावात पडलेले होते तेच उचलून बसवले. कोणता दगड कसा बसवायचा, हे सांगायला सासूबाई रोज सकाळी येऊन बसायच्या: मोठे तोंड आत, निमुळते बाहेर, खाली चिपा घालून हलतोय का बघा. तरुण मुलींनी पहिले दोन दिवस ऐकले नाही. तिसऱ्या दिवशी एक रांग घसरल्यावर ऐकले.

६ जूनला शेवटचे मस्टर बंद झाले. ९ जूनला मोठा पाऊस आला. गाळ पूर्ण २,४८० घनमीटर निघाला नाही, साधारण दोन हजारांवर आम्ही थांबलो. शेवटची मजुरी १४ ऑगस्टला जमा झाली. माझा स्वतःचा खर्च स्टॅम्प, नकला, सातबारे, झेरॉक्स आणि एसटी धरून सुमारे दीड हजार रुपये झाला. तो बचत गटाने नंतर वाटून घेतला.

२०२४ चा पावसाळा चांगला झाला, त्यामुळे तलाव भरण्याचे श्रेय पावसाला आहे. आम्हाला पाहायचे होते, की पाणी किती टिकते. एरवी दिवाळीला तळ दिसायचा. २०२५ च्या संक्रांतीला तलावात पाणी होते आणि आमच्या विहिरीत चार परस. सांडवा अजून तसाच खचलेला आहे. त्याचा प्रस्ताव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुन्हा मांडला, या वेळी साहित्याच्या वाट्यात तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा, असा ठराव करून. नक्कल त्याच दिवशी घेतली आणि सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, अण्णांच्या संमतिपत्राशेजारी ठेवली आहे.